जावळाची शेंग

काल गच्चीवरच्या कुंडीतल्या रानतुरीच्या एका शेंगेला भोक दिसलं.

नांदेडला गेल्या आठवड्यापासून आभाळ भरून आलेलं आहे आणि त्यातून पडत काहीच नाही. कार्तिकातलं असलं कोरडं, कोंदट आभाळ तुरीच्या फुलोऱ्यावर आलं की अळी येते, हे आमच्या भागात लहान लेकरांनाही ठाऊक असतं. शेजारचे लोक आभाळ पाहून वाळत घातलेले कपडे आत घेतात. मी भिंग घेऊन गच्चीवर जातो. कॉलेजातून निवृत्त झालो तरी ही सवय सुटलेली नाही, आणि त्या सवयीबरोबर छातीत होणारी धाकधूकही सुटलेली नाही.

रानतूर म्हणजे काही देखणी वनस्पती नव्हे. माळावरच्या गवताला वेटोळे घालत जाणारा वेल. तीन-तीन पानांची जुडी, तुरीसारखीच पण चिमुकली. पिवळी फुलं, तीही तुरीसारखीच. शेंग नखाहून थोडी मोठी आणि तिच्यावर दाट, बारीक केस. बोट फिरवलं तर मखमलीवर फिरवल्यासारखं वाटतं. माणसाच्या बोटाला मखमल वाटते ती नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळीला जंगल वाटत असणार. तिचं तोंड शेंगेच्या सालीपर्यंत पोचतच नाही. केसांवरच फिरते, थकते आणि वाळते. मी ही कुंडी कितीतरी वर्षं सांभाळतो आहे. आजूबाजूच्या बागेतल्या घेवड्यावर, टोमॅटोवर अळ्या येऊन गेल्या. या शेंगांना कधी भोक पडलं नव्हतं.

म्हणून काल भिंग हातात धरून मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. आणि मला तो हंगाम आठवला.

आमचा जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. लातूर जिल्हा झाला त्याची हलगी वाजून जेमतेम दोन-तीन वर्षं झाली असतील. दुकानांच्या पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव रंगाखाली दबून अजून वाचता येत होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं. नव्या जिल्ह्यात जागा निघत होत्या आणि माझ्याबरोबर बी. एस्सी. झालेली पोरं एकेक करून कुठे कुठे चिकटत होती. आमचं गाव मुरुडपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. बाजाराच्या दिवशी मुरुडला गेलं की बा कुणाच्या तरी मुलाला साहेबी चपला घालून फिरताना पाहून यायचा आणि घरी आल्यावर पाणी पिता पिता म्हणायचा, "आरं, कलेक्टर हापिसात बग की काही. सावली हाय, पंखा हाय."

मी म्हणायचो, "एवढा हंगाम जाऊ दे बा."

"कशाचा हंगाम? आळ्याचा?"

तो चिडून म्हणत नव्हता. त्याला खरोखर कळत नव्हतं. आमच्या सबंध वस्तीत मी पहिला पदवीधर. बा आणि माय त्या वर्षी रोजगार हमीच्या कामावर पाझर तलावाची माती वाहत होते, कारण पावसानं श्रावणातच पाठ फिरवली होती. मूग गेला, ज्वारी गुडघ्याला येऊन करपली. शेतात हिरवं उरलं होतं ते फक्त तुरीचं. तुरीची मुळं खोल जातात. ती कुठल्या तरी जुन्या ओलीवर जगते, जिची आपल्याला आठवणही राहिलेली नसते. पाण्याचा टँकर आला की घागरींची रांग लागायची आणि आमच्या वस्तीची रांग नेहमी शेवटी. अशा वर्षी घरातला शिकलेला, कमावता होऊ शकणारा पोरगा माळावर वेली हुडकत हिंडतो, हे बानं सहन केलं. आज विचार केला की त्याच्या त्या सहन करण्यापुढे मान खाली जाते.

मी एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि माझा विषय होता रानतूर आणि तूर यांचं नातं. आमच्या सरांनी तो दिला होता. सर मितभाषी, किरकोळ अंगाचे, खिशात सदा चिमटा आणि भिंग. पुस्तकात त्या काळी रानतुरीची जातकुळी वेगळी लिहिलेली होती आणि तुरीची वेगळी. सरांना ते पटत नव्हतं. ते म्हणायचे, "गौतम, गुणसूत्रं सारखी आहेत, फूल सारखं आहे, आणि एकीचा पराग दुसरीला चालतो. अजून काय पाहिजे? पुस्तक काही म्हणू दे. ज्यांचं लेकरू होतं ते नातेवाईक."

त्यांचा दुसरा विचार त्याहून मोठा होता. रानात अळी आहे, शेतातही अळी आहे. मग रानातली शेंग शाबूत का राहते आणि शेतातली पोखरली का जाते? सरांचं म्हणणं, कोणे एके काळी दोघीही केसाळ असाव्यात. पण एकीला माणसानं घरी आणलं. पिढ्यान् पिढ्या मोठ्या दाण्याची, सोलायला मऊ, गुळगुळीत शेंगेची झाडं निवडून पेरली. राखण करायला माणूस होता, म्हणून तुरीनं आपलं हत्यार हळूहळू खाली ठेवलं. रानातलीला राखणदार नव्हता. ज्या वेलींच्या शेंगांवर केस विरळ, त्यांचं बी अळीनं खाल्लं. ज्यांचे दाट, त्यांचं बी उरलं. उरत उरत आजची रानतूर झाली.

हे ऐकताना मला आमची माणसं का आठवायची ते मी सरांना कधी सांगितलं नाही. त्यांना कळत असावं.

आदल्या हंगामात मी आमच्या माळाच्या तुकड्यावर गावरान तुरीच्या कळ्या उघडून, त्यांतले परागकोश चिमट्यानं काढून टाकून, त्यावर रानतुरीचा पराग लावला होता. प्रत्येक कळीला लाल दोरा. केशरआत्या काठी टेकवून बघत उभी राहायची. केशरआत्या म्हणजे बाची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला तशी माहेरी आली आणि इथलीच झाली. शेताचा कारभार तिचा. तोंड फाटकं आणि हात गुणी.

"काय करून राहिलास रं गौत्या?"

"ह्या तुरीचं त्या रानतुरीशी लगीन लावतोय आत्या."

"पत्रिका बगितलीस का?"

"आपल्यात कुठं बघतात?"

"ते बी खरंच म्हणा." ती जवळ येऊन दोरा निरखायची. "पर हळद तरी लावायची व्हती. नवरदेव आसा माळावरून धरून आणलास, वरात न्हाई, काही न्हाई."

बहुतेक कळ्या गळून पडल्या. ज्या थोड्या टिकल्या त्यांचं बी दुष्काळाच्या त्या वर्षी मी पहिल्या पावसावर टोकलं. कॉलेजच्या बागेतली विहीर आटली होती, म्हणून सर म्हणाले, तुझ्याच शेतात लाव. पाऊस थांबल्यावर मायनं आणि आत्यानं भांडी धुतलेलं पाणी आणून त्या झाडांच्या बुडाशी ओतलं. टँकरचं पाणी आधी डाळ-तांदळाला, मग भांड्यांना, मग माझ्या झाडांना. ती झाडं वाढली तशी तुरीपेक्षा बुटकी आणि रानतुरीपेक्षा ताठ निघाली. फांद्या पसरट, धड वेल नाही धड झुडूप नाही. शेंगा लागल्या तेव्हा आत्यानं एक शेंग गालाला लावून पाहिली.

"आगं माय, हिला जावळ हाय की."

तेव्हापासून त्या झाडांचं नाव जावळी पडलं. सरांनीही ते नाव उचललं.

आता खरी परीक्षा उरली होती. जावळीच्या शेंगांवर केस आले होते, पण केस आले म्हणजे अळी थांबेलच असं नाही. ते बघायचं तर झाडांवर अळी येऊ द्यायची, तिला हवं ते करू द्यायचं, आणि शेजारच्या गावरान तुरीशी ताडून पाहायचं. शेंगा हिरव्या असेपर्यंतच ते जमणार होतं. त्या हंगामानंतर सरांची बदली ठरलेली होती आणि माझी शिष्यवृत्तीही तिथेच संपत होती. म्हणजे या शेंगा निसटल्या तर माझं शिक्षण तिथेच थांबलं, आणि कचेरीतली जागा तर मी आधीच हातची घालवलेली. हे सगळं मी घरात सांगितलेलं नव्हतं. एवढंच बजावून सांगितलं होतं, की गावरान, रानतूर आणि जावळी, या तीन ओळींतल्या अळ्या काढायच्या नाहीत.

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी घराला आग लावायला सांगतो आहे.

"काडायच्या न्हाईत? मंग काय पोसायच्या?"

"हाव. पोसायच्या."

"लई शिकला की माणूस येडा होतो म्हणत्यात, ते काय उगं न्हाई." मग मायला म्हणाली, "आईक तुझ्या लेकाचं. आळी पाव्हणी आलीय म्हणं."

आमच्याकडे तूर झाडायची रीत आहे. आभाळ आलं आणि फुलोऱ्यात अळी दिसू लागली की दोघी-तिघी बाया मिळून शेतात जातात. झाडाखाली जुनं लुगडं किंवा गोणपाट पसरायचं, एकीनं झाड बुडाशी धरून हलकेच हिसके द्यायचे. जोरात दिले तर फुलं गळतात, हळू दिले तर अळी सोडत नाही. बरोबर हिसका बसला की अळ्या टपटप खाली पडतात. मग लुगड्याची मोट बांधून घरी आणायची आणि कोंबड्यांपुढे सोडायची. औषध आमच्या वस्तीत कुणी विकत आणलं नव्हतं. आत्याचा हिसका सगळ्या शिवारात नावाजलेला. लोक तिला आपल्या शेतात बोलावून न्यायचे. आता वाटतं, गावरान तुरीच्या अंगावरचे केस गेले त्या जागी आत्याचे हात आले होते.

त्या कार्तिकात आभाळ आलं. मी सरांना आणायला लातूरला गेलो. निघताना आत्या उंबऱ्यात बसली होती. "न्हाई लावत हात," ती न विचारता म्हणाली. "जा तू."

सरांना कामातून मोकळं व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं मुरुडला उतरलो आणि चालत निघालो. सगळ्या वाटेनं दोन्ही बाजूंच्या तुरींवर अळी होती. शेंगांतून अर्धी आत, अर्धी बाहेर, निवांत. मी आनंदात होतो. दुष्काळाच्या वर्षी लोकांच्या पिकावर अळी पाहून आनंद होणारा मीच एक, याची मनात लाजही वाटत होती.

आमच्या माळाच्या तुकड्यावर पोचलो तर झाडं स्वच्छ होती. गावरान तूर स्वच्छ, रानतूर स्वच्छ, जावळी स्वच्छ. एकाही झाडावर एकही अळी नाही. बांधावर कोंबड्या पेंगत होत्या, पोटं भरलेल्या. आत्या पदरानं कपाळ पुसत पुढं आली. तिच्या तोंडावर समाधान मावत नव्हतं.

"या सर. बगा, एक ठेवली न्हाई. पहिला दिस दम काडला मी. दुसऱ्या दिशी जीव काई राहीना. लेकराचं शिक्षण आळीनं खाल्लं तर काय सांगायचं? मी आन् वैनी, दोगींनी मिळून समदं झाडलं."

मी मटकन बांधावर बसलो. सर खाली वाकून एकेक शेंग पाहत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आत्याबाई, कुठल्या ओळीतून जास्त पडल्या, लक्षात आहे का?"

"ते कुणी बगितलंय? समद्याला एकच लुगडं."

सरांनी मान हलवली. माय माझ्याकडे बघत होती. तिला काही तरी बिनसल्याचं कळलं होतं. "काय झालं रं?" तिनं हळूच विचारलं. मग मी सांगितलं. जे घरात कधी सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं: सरांची बदली, शिष्यवृत्ती, ह्या हिरव्या शेंगांचे थोडेच दिवस. सांगताना आवाज चढला नाही. आत्यापुढे आवाज चढवायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती, आणि चढवावा असं वाटलंही नाही. ज्या बाईनं भांड्यांचं पाणी ओतून ती झाडं जगवली, तिनंच ती झाडली होती. दोन्ही एकाच मायेनं.

आत्या गप्प झाली. ती गप्प होणं ही आमच्याकडे दुष्काळाहून दुर्मीळ गोष्ट. मग सरांकडे वळून म्हणाली, "आता काय लागंल?"

"अळ्या लागतील," सर म्हणाले. "लहान, नुकत्या निघालेल्या. त्या मोजून प्रत्येक फांदीवर सोडता आल्या तर उलट जास्त चांगलं. पण एवढ्या आणायच्या कुठून?"

"आता गं बया," आत्या म्हणाली. "टंचाई पान्याची हाय सर. आळ्याची कुठंय?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती वस्तीतल्या बायांना घेऊन निघाली. बांधाला बांध असलेले पांडूकाका आपल्या तुरीत उभे होते. त्यांनी विचारलं, "काय केशरबाई, माज्या वावरात काय चोरून राहिलीस?"

"आळ्या."

"आं?"

"आळ्या पायजेत. आमच्या गौत्याला."

पांडूकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग समद्या ने की माय. वर पायलीभर तूर देतो."

दुपारी आत्या पितळी डबा घेऊन आली. झाकण उघडलं आणि तिचं तोंड उतरलं. डब्यात मोजक्याच अळ्या जिवंत होत्या, फुगलेल्या. बाकीच्यांची नुसती कातडी. या अळीची ही खोड मी वर्गात शिकलो होतो आणि गडबडीत सांगायची विसरलो होतो. दाटीत सापडली तर ती दुसरीला खाते. सख्ख्या बहिणीलाही.

आत्या डब्याकडे बघतच राहिली. "खायला फुलं टाकली व्हती की रं संगट," ती म्हणाली. "तरी बी?"

मग काडेपेट्या निघाल्या. वस्तीतल्या घराघरांतून रिकाम्या, अर्ध्या रिकाम्या काडेपेट्या. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी पळसाच्या पानाचे द्रोण टाचले. एका पेटीत एकच अळी आणि सोबत एक फूल. बोटानं उचलली तर चिरडते म्हणून कोंबडीच्या पिसानं उचलायची, हे कुणाला तरी सुचलं. जन्मभर ज्या बायांनी अळ्या चिरडल्या, झाडल्या, कोंबड्यांना घातल्या, त्या श्वास धरून, पिसाच्या टोकावर केसाएवढी अळी घेऊन माझ्या झाडांपाशी येत होत्या. एकमेकींना म्हणत होत्या, "हळू गं, पाडशील." "तुझी मेली का बग." "मेली कुटं, झोपलीय." उन्हातून कोणी येताना पेटीवर पदर धरत होतं.

फांद्यांना बांधायला पिशव्या हव्या होत्या, म्हणजे अळी पळू नये आणि दुसरी येऊ नये. आत्यानं ज्या लुगड्यावर तूर झाडली तेच फाडलं. मायनं हातशिलाईनं पिशव्या शिवल्या. तीन ओळींतल्या फांद्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या पिशव्यांत बांधून आम्ही घरी आलो आणि वाट बघायला लागलो.

ते दिवस मला सगळ्यात स्पष्ट आठवतात. त्यांत घडलं काहीच नाही. आभाळ तसंच गच्च. तलावाच्या कामावर बा जायचा, यायचा, विचारायचा नाही. सर आमच्याच घरी राहिले. वस्तीतल्या घरात जेवून, आमच्या ओसरीवर ते अंग टाकायचे, आणि वस्तीला त्याचं जे अप्रूप वाटलं ते अजून बोललं जातं. मी दिवसातून कितीदा तरी शेतात जाऊन पिशव्यांना बाहेरून हात लावून यायचो. आत काय चाललं असेल? जावळीला आईकडून मोठा दाणा मिळाला की बापाकडून केस? केस मिळाले ते पुरेसे दाट आहेत का? नात्यानं सगळंच येतं असं थोडंच आहे. रंग येतो, उंची येते, पण नेमकी जी गोष्ट जगवते ती वाटेत कुठं तरी गळून पडली तर?

आत्याला माझ्याहून जास्त घोर लागला होता. सकाळी मी शेतातून परतलो की तिचा एकच प्रश्न.

"खाल्लं का रं?"

"अजून उघडायचं नाही आत्या."

"लुगड्यातून काय दिसतं का थोडं?"

"नाही."

"म्या जाऊन बगू का? हात न्हाई लावत."

"नको."

"आता न्हाई काडत मी आळी. शप्पत."

पिशव्या उघडायच्या दिवशी सगळी वस्ती बांधावर आली. सरांनी आधी गावरान तुरीची पिशवी सोडली. शेंगांना भोकंच भोकं, विष्ठेचे हिरवे दाणे पिशवीच्या तळाशी, आणि अळ्या बोटाएवढ्या, तुकतुकीत. बाया हळहळल्या. मग रानतूर. शेंगा शाबूत, अळ्या कुठं गेल्या ते भिंगातूनही दिसेना. मग जावळी. काही शेंगांना भोकं होती. मी डोळे मिटले. "गौतम, बघ," सर म्हणाले. पुष्कळ शेंगा अभंग होत्या. त्यांच्या केसांत बारीक, काळपट, धाग्यासारखं काही तरी अडकलेलं दिसत होतं. प्रत्येक शेंगेवर. सर मोजत होते, मी लिहून घेत होतो, आणि मला लिहिलेलं दिसत नव्हतं.

नातं होतं. आणि नात्यातून जे यायला हवं होतं तेही, सगळं नाही, पण आलं होतं. बा त्या दिवशी कामावर गेला नव्हता. तो लांब उभा राहून बघत होता. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि पुन्हा बांधलं.

आत्यानं भिंग मागून घेतलं. ते डोळ्याला कसं लावायचं ते सरांनी तिला दाखवलं. ती जावळीच्या शेंगेवर वाकून पाहत राहिली. मला वाटलं, आता काही तरी चेष्टेचं बोलेल. ती सावकाश म्हणाली,

"उपाशी मेल्या रं. भरल्या शेंगांवर."

त्या वर्षी ते वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

माझी पदवी झाली. पुढे नांदेडला कॉलेजात लागलो आणि माझ्या घरात पंखा आला, सावली आली. बा ती पाहून गेला. सरांनी जावळीचं बी बरोबर नेलं. तिचं वाण काही झालं नाही. दाणा बारीक, शेंग पिकली की तडकून बी उधळायची. मोठ्या दाण्यासाठी पुन्हा पुन्हा गावरान तुरीशी संकर केले, तसे पिढीगणिक केस विरळ होत गेले. काही वर्षांनी रानतुरीची आणि तुरीची जातकुळी पुस्तकातही एक झाली. सरांनी मला पोस्टकार्ड पाठवलं, त्यात एवढंच होतं, "आत्याबाईंना सांग, सोयरीक मान्य झाली." पुढे डीएनएच्या रेणूंवरून नाती पाहायची सोय आली. मी विद्यार्थ्यांना घेऊन मुदखेडच्या रुळांकडेची, धर्माबादच्या वाटेवरची, बालाघाटाच्या उतारांवरची रानतूर गोळा केली. दिसायला सगळ्या एक, आणि आत प्रत्येकीची गोष्ट वेगळी. ओढ्याच्या अलीकडची एक, पलीकडची दुसरी. आता त्यातल्या किती तरी जागांवर खडीकेंद्रं आणि प्लॉट झाले. अमुक माळावरच्या वेलींना काय ठाऊक होतं, ते विचारायला माळ उरलेला नाही.

आणि अळी? तिला आम्ही समजायला उशीर केला. औषधं आली. पहिल्या वर्षी शेत पांढरं करून टाकलं की सगळ्या मरायच्या. मग डोस वाढवावा लागला, मग औषध बदलावं लागलं. शेतकरी म्हणायचे, माल भेसळीचा आहे. दर वेळी भेसळ नव्हती. हजारांतून एखादी वाचायची आणि पुढच्या हंगामातल्या सगळ्या तिची लेकरं असायची. रानतूर जशी उरत उरत घडली, तशीच तीही घडत होती. हे मी वर्गात फळ्यावर रेघा ओढून शिकवलं. शिकवताना मला कधी भीती वाटली नाही. भीती काल वाटली.

कारण काल भिंगातून मी ते भोक नीट पाहिलं. भोकाच्या भोवती केस नव्हते. आपोआप गळलेले नव्हते. कुरतडून, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, पायवाट पाडावी तशी जागा साफ केलेली होती. कुणी तरी आधी केस खाल्ले होते. ज्यात काही सत्त्व नाही, ते. एका भोकावरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना जन्मभर सांगितलं आणि आजही तेच सांगेन. पण कुंडीपाशी मी एकटाच होतो आणि आभाळ खाली आलं होतं.

मी गावी फोन लावला. केशरआत्या आता पार थकली आहे. कान गेले, पण फोन कानाला दाबून धरला की तिला ऐकू येतं.

"आभाळ हाय का तिकडं?" तिनं नेहमीप्रमाणे आधी विचारलं.

"आहे आत्या. आणि रानतुरीच्या शेंगेला भोक पडलंय. अळीनं वरचं जावळ खाल्लं, मग आत शिरली."

"जावळ खाल्लं?"

"हाव."

मला वाटलं, ऐकू गेलं नसावं. मग ती म्हणाली,

"जगली म्हण की येक."

तिच्या आवाजात घोर होता की सुटका, मला फोन ठेवेपर्यंत कळलं नाही.